प्रोसेसची आकृती तयार आहे, त्यातून टेबल आणि क्लास कसे काढायचे?

पाथर्डी_फाटा

नमस्कार मंडळी. पिंपळगाव बसवंतच्या एका कांदा व्यापाऱ्यासाठी आमची छोटी टीम सॉफ्टवेअर करतेय. लिलावात गाडी घेतल्यापासून शेतकऱ्याचे पैसे चुकते होईपर्यंतचं सगळं काम त्यात यायला हवं. मी खळ्यावर (माल उतरवायच्या आवारात) बसून, मुनीमजींना आणि काट्यावरच्या माणसाला विचारून बीपीएमएनमध्ये, म्हणजे कामाचे टप्पे चौकटी आणि बाणांनी दाखवायच्या ठरलेल्या पद्धतीत, आकृती काढली. आवक पावती, लिलाव, सौदा पावती, भुईकाट्यावर भरलेलं वजन, खळ्यावर माल खाली, रिकामं वजन, हिशोब पट्टी (शेतकऱ्याला द्यायच्या पैशांचा हिशोब), पेमेंट. मालकांनी ती नीट पाहिली, दोन दुरुस्त्याही सांगितल्या.

गाडी अडलीय ती पुढे. डेव्हलपर मंडळींनी आकृतीतल्या एकेका चौकटीचा एकेक सर्व्हिस क्लास (तेवढं काम करणारा कोडचा तुकडा) केला आणि खाली एकच मोठं टेबल ठेवलं, त्यात ‘स्टेटस’ नावाचा कॉलम. परवा मालकांनी विचारलं, “वांधा आला तर कुठं टाकायचा?” आकृतीत वांध्यासाठी, म्हणजे मालावरून होणाऱ्या तक्रारीसाठी, एक डायमंड (वाट फुटते ती जागा) आहे. कोडमध्ये त्याचा पत्ताच नाही.

बीपीएमएनवरून यूएमएलच्या क्लास डायग्रामपर्यंत (कोडमध्ये कोणते क्लास आणि त्यांचं नातं काय, ती आकृती) जायची काही ठरलेली वाट आहे का? की दोन्ही वेगवेगळंच करायचं असतं?

अंबड_लिंकरोड

वाट कशाला शोधताय? 2011 मध्ये बीपीएमएन 2.0 आलं, तेव्हापासून आकृतीची एक्सएमएल फाइल थेट चालवता येते. कॅमुंडा किंवा फ्लोएबलसारखं आकृती चालवणारं इंजिन घ्या, आकृती त्यात टाका, प्रत्येक टास्कला थोडा कोड जोडा. आकृती आणि कोड वेगळे राहतच नाहीत.

निफाडची_लेक

लिंकरोड दादा, इंजिनला माझा विरोध नाही, पण पाथर्डी फाट्यांची अडचण त्याने सुटणार नाही. चौकटी कोणत्या क्रमाने चालायच्या ते इंजिन सांभाळतं. सौदा म्हणजे काय, त्याचा भाव कधी बदलू शकतो, कोण बदलू शकतो, हे त्याला तुम्हीच सांगायचं असतं. तेच ठरलेलं नसेल तर इंजिन लावूनही तो ‘स्टेटस’ कॉलम तिथंच राहील.

सॉफ्टवेअरमध्ये येण्याआधी मी आडतीवर हिशोब लिहायचे, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

आकृतीतली चौकट म्हणजे क्रियापद. तिच्यातून क्लास काढायला गेलं की ‘वजन करणारा’, ‘पट्टी करणारा’ असे क्लास निघतात आणि धंद्यातली खरी वस्तू हरवते. त्यापेक्षा आकृतीवर बोट ठेवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जा आणि बघा, हातातून हातात काय जातंय? इथं दोन गोष्टी जातात. एक गाडी, म्हणजे आवक. दुसरा सौदा. वजन आणि पट्टी त्यांना लटकलेल्या नोंदी आहेत. आता फक्त सौद्याचा स्टेट डायग्राम, म्हणजे तो कोणकोणत्या स्थितींतून जातो ती आकृती, काढा: ठरला, माल उतरतोय, वांध्यात, वजन पूर्ण, पट्टी झाली, चुकता. बीपीएमएनमधल्या चौकटी इथं बाण होतात. प्रत्येक बाण म्हणजे सौदा क्लासची एक मेथड, आणि ज्या लेनमध्ये (आकृतीतला एकेका माणसाच्या कामाचा पट्टा) ती चौकट होती त्या माणसालाच तो बाण चालवायचा अधिकार. तुम्ही शोधताय तो दुवा हाच. बीपीएमएन आणि क्लास डायग्राम यांच्यामध्ये स्टेट डायग्राम ठेवल्याशिवाय तो जुळत नाही.

वांधा वेगळा सांगते, कारण डिझाइन तिथंच ठरतं. समजा लिलावात भाव लागला 1,520 रुपये क्विंटल. भरलेली ट्रॉली 62.40 क्विंटल, रिकामी 38.90, म्हणजे माल 23.50. पट्टी व्हायला हवी 35,720 रुपयांची. पण खळ्यावर माल पालथा करताना खालच्या थरात गोल्टी (बारीक कांदा) निघाली, व्यापारी अडला, वांधा झाला, बाजार समितीचा माणूस मध्ये पडला आणि 1,400 वर तडजोड झाली. आता रक्कम 32,900. तुमच्या मोठ्या टेबलात कोणीतरी 1,520 खोडून 1,400 लिहील आणि सौदा पावतीवरचा आकडा सिस्टिममधून कायमचा जाईल. शेतकरी दुसऱ्या दिवशी पावती घेऊन आला तर मुनीमजी त्याला काय दाखवणार? 2,820 रुपये त्याच्यासाठी थोडे नाहीत. म्हणून लिलावाचा भाव एकदा लिहिला की बदलायचा नाही. वांधा ही सौद्याखालची स्वतंत्र नोंद: कारण, कोणी काढला, कोणासमोर मिटला, मिटल्यावरचा भाव. आकृतीतला तो एक डायमंड डेटाबेसमध्ये आख्खं टेबल होतो.

दुसरं, काम कुठं थांबतं ते आकृतीवर लाल पेनने खुणा करून बघा. गाडी काट्याच्या रांगेत आहे, पट्टी मालकांच्या सहीसाठी पडलीय, बँकेकडून पेमेंट झाल्याचं कळायचंय. प्रत्येक थांब्याला स्थिती डेटाबेसमध्ये पक्की झालीच पाहिजे, आणि दोन थांब्यांमधलं सगळं काम एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही) बसलं पाहिजे. इंजिनंही साधारण असंच करतात, त्यामुळे पुढे इंजिन घेतलंत तरी ही मेहनत वाया जात नाही.

शेतकऱ्याच्या पैशातून होणारी हमाली, तोलाई, वराईची कपात मात्र डायमंडमध्ये किंवा कोडमध्ये कोंबू नका. 2024 च्या एप्रिलमध्ये या कपातींवरून आपल्या जिल्ह्यात लिलाव बंद पडले होते, आठवत असेल. असे नियम लागू तारखेसकट वेगळ्या तक्त्यात ठेवा. जुनी पट्टी पुन्हा छापली तर ती जुन्याच दराने निघाली पाहिजे.

पाथर्डी_फाटा

ताई, मनापासून आभार. आज टीमसोबत फळ्यावर सौद्याचा स्टेट डायग्राम काढला आणि निम्मे सर्व्हिस क्लास आपोआप गळाले. पण एका ठिकाणी पुन्हा अडलो. कधी कधी अर्धी ट्रॉली खाली झाल्यावर वांधा होतो, तडजोड होत नाही, आणि उरलेला माल शेतकरी फेरलिलावाला नेतो. तो दुसराच कोणी व्यापारी घेतो. मग गाडी एक, सौदे दोन, आणि रिकामं वजन तर दुसऱ्याच्या खळ्यावरून आल्यावर होणार. आमची पट्टी तोवर लटकवून ठेवायची का?

निफाडची_लेक

मुळीच नाही. तुमच्या आकृतीत बाजार समिती, शेतकरी आणि व्यापारी एकाच पूलमध्ये (एका कारभाराची मोठी चौकट) लेन करून टाकलेत का? बहुतेक तसंच असणार. लेन असतात एकाच कारभारातल्या माणसांसाठी. बाजार समिती आणि दुसरा व्यापारी तुमच्या मालकांच्या हुकमात नाहीत, त्यांचे पूल वेगळे. एका पूलमधून दुसऱ्यात क्रमाचा बाण जाऊच शकत नाही, फक्त निरोपाचा जातो. तेवढं दुरुस्त केलंत की दिसेल: फेरलिलाव तुमच्या सॉफ्टवेअरच्या कुंपणाबाहेर आहे, त्याची वाट बघत बसायचं कारण नाही.

वजनाचं टेबल मात्र बदला. ‘भरलेलं’ आणि ‘रिकामं’ असे दोन कॉलम ठेवू नका. आवकेखाली वजनाच्या ओळी ठेवा, काट्याची पावती आणि वेळ यांसकट, हव्या तितक्या. अर्धी ट्रॉली उतरली की गाडी काट्यावर न्या, भरलेल्या वजनातून ते मधलं वजन वजा करा, तुमचा माल तेवढाच. त्यावर पट्टी करा आणि सौदा त्याच दिवशी चुकता करा. फक्त मधलं वजन झाल्याशिवाय ‘वांध्यात’ मधून बाहेर पडणारा हा बाण चालू देऊ नका. गाडी एकदा फेरलिलावाला गेली की ते वजन परत मिळत नाही.