टर्नवर फ्लश ड्रॉ हातात असताना कॉल करावा का? मांडवीतल्या टेबलावरचा एक डाव

कुडाळकर

मंडळी, गेल्या शनिवारी आम्ही तिघे कुडाळहून पणजीला गेलो होतो. मांडवीतल्या एका कसिनोच्या बोटीवर रात्रभर पोकर झालं. परतताना गाडीत एका डावावरून जो वाद सुरू झाला तो पत्रादेवीचा नाका ओलांडला तरी संपला नाही, म्हणून इथे मांडतो.

पोकर न खेळणाऱ्यांसाठी: प्रत्येकाच्या हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच; पहिली तीन म्हणजे फ्लॉप, चौथं टर्न, पाचवं रिव्हर. एकाच जातीची पाच पानं झाली की फ्लश, चारच असली तर फ्लश ड्रॉ. माझ्या हातात बदामाची नव्वी आणि अठ्ठी. फ्लॉपला बदाम राजा, बदाम चौकी, किलवर गुलाम. पॉट (मधे जमलेले पैसे) 3,000. समोरच्या गृहस्थांनी 1,500 लावले, मी कॉल केला, म्हणजे तेवढेच घातले. टर्नला इस्पिक तिर्री. पॉट आता 6,000, त्यांनी 4,000 लावले. त्यांच्यापुढे अजून 12,000 शिल्लक, माझ्यापुढे थोडे जास्तच. पाळी माझी शेवटची. दोघेच उरलो होतो.

मी मिनिटभर चिप्स बोटांत फिरवत बसलो आणि पानं टाकली, म्हणजे फोल्ड.

मित्र म्हणतो, "फ्लश ड्रॉ 36 टक्के लागतो, आणि तू सोडलास?" मी म्हणतो, तो आकडा फ्लॉपवरचा. नऊ आउट्स (फ्लश पुरा करणारी उरलेली पानं) गुणिले चार हा ढोबळ हिशेब दोन पानं यायची असतात तेव्हाचा (नेमका आकडा 35). टर्नला एकच पान उरतं. न दिसलेली पानं 46, त्यात बदाम नऊ, म्हणजे 19.6 टक्के. आणि 10,000 साठी 4,000 टाकायचे तर 14,000 त 4,000, म्हणजे 28.6 टक्के लागतात. नऊ टक्क्यांची तूट आहे. फोल्ड बरोबरच होता असं माझं ठाम मत आहे.

सांतइनेज

कुडाळकर, गणित बरोबर पण अर्धं. तुम्ही फक्त आत्ताच्या पॉटचा हिशेब केलात. बदाम लागल्यावर रिव्हरला जे मिळणार ते कुठे धरलंत?

पाच डावांत साधारण एकदा लागणार. 46 पैकी 37 वेळा 4,000 जाणार, 9 वेळा लागणार, म्हणजे लागेल तेव्हा 16,444 मिळायला हवेत. 10,000 समोर आहेतच. उरले 6,444. त्यांच्यापुढे 12,000 होते, म्हणजे निम्म्याहून जरा जास्त. फ्लॉपला 1,500, टर्नला 4,000 लावणाऱ्या माणसाकडे राजा-एक्का किंवा त्याहून भारी काही आहे. असा माणूस शनिवारी रात्री एवढं घालून बसल्यावर रिव्हरला सहज पानं टाकत नाही. मी कॉल केला असता.

म्हापशाचा मास्तर

सांतइनेज, 6,444 ही सरासरी आहे, हे विसरू नका. तिसरा बदाम टेबलावर उघडा पडतो, तो आंधळ्यालाही दिसतो. समजा तुम्ही 9,000 लावलेत आणि त्यांनी दोनदा पैकी एकदा कॉल केला. सरासरी 4,500. तूट राहिलीच. 12,000 सगळे लावून निम्म्या वेळा कॉल मिळाला तरी 6,000. तिथेही पुरत नाही. वर कसिनो प्रत्येक पॉटमधून आपला वाटा कापतो, तो तुमच्याच जिंकण्यातून जातो.

पण मला खरी अडचण त्या नऊ आउट्सचीच वाटते. गेली अनेक वर्षं मी अकरावी-बारावीला संभाव्यता शिकवतोय. मुलं भाग बरोबर देतात, चुकतात ती मोजणीत. कुठलं पान "माझं" म्हणायचं इथेच.

धरा, समोरच्याकडे राजांचा सेट आहे, म्हणजे हातात राजाची जोडी आणि टेबलावरचा धरून तीन राजे. मग बदाम गुलाम आला की तुमचा फ्लश होतो आणि त्याच पानाने त्यांचं फुल हाउस (तीन सारखी आणि एक जोडी, फ्लशहून वरचं). बदाम तिर्रीचंही तेच. नऊतली दोन पानं तुम्हाला बुडवणारी. उरली सात. त्यांची दोन पानं माहीत धरली तर 44 त सात. आता लागेल तेव्हा आणखी 11,143 हवेत, 12,000 पैकी जवळपास सगळे. त्या दोन फसव्या पानांवर तुम्ही 6,000 जरी घालवलेत, तरी ही गरज 12,857 वर जाते. तेवढे पैसे त्यांच्यापुढे नाहीतच.

आणि त्यांच्याकडे बदामाचा एक्का आणि आणखी एक बदाम असेल तर? तुमची नव्वी-अठ्ठी लागूनही हरणार, आणि तो सगळ्यात महाग डाव असतो.

1654 साली पास्कल आणि फर्मा यांनी अर्धवट राहिलेल्या खेळातला पैसा कसा वाटावा यावर पत्रं लिहिली. प्रश्न हाच होता: अजून काय येऊ शकतं तेवढंच मोजायचं, घातलेलं विसरायचं. फ्लॉपला गेलेले 1,500 आता तुमचे नाहीत.

बांद्याची

सगळे कॉल की फोल्ड यावरच का अडलेत? तिसरा रस्ता रेझचा, म्हणजे रक्कम वाढवण्याचा आहे. बारा हजार वर टाकून ऑल-इन, म्हणजे त्यांच्यापुढचं सगळं पणाला. कुडाळकरांना एकूण 16,000 लागतील. समोरच्याने पानं टाकली की 10,000 तिथल्या तिथे. कॉल केला तरी 19.6 टक्के हातात आहेतच. मी मांडून पाहिलं: त्यांनी 46 टक्के वेळा पानं टाकली की बरोबरीत सुटतो, त्यापुढे फायदा. कॉलमध्ये जिंकायचा एकच मार्ग आहे, पान लागणं. रेझमध्ये दोन आहेत.

सांतइनेज

ताई, रेझ मला आवडतो, पण पॉटच्या दोन तृतीयांश लावणारा माणूस 46 टक्के वेळा पळेल? फ्लॉपला निम्मा पॉट, टर्नला त्याहून मोठा घाव. तो भ्यालेला दिसत नाही.

माटोळी

आम्हां गोंयकारांना 1 फेब्रुवारी 2020 पासून कसिनोत जुगार खेळायला बंदी आहे, त्यामुळे बोटीवरचं मला विचारू नका. आमच्याकडे फोंड्याला चवथीच्या रात्री माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळांच्या चौकटीखाली) चटई घालून चिंचोक्यांवर खेळतात, पोकर गेली काही वर्षं त्यात आलंय. पैसे नसतात. तरी माझे मामा शंभर चिंचोके गेले तर रात्रभर बोलत नाहीत.

मला चूक टर्नला दिसत नाही, फ्लॉपला दिसते. 3,000 त 1,500 आले, म्हणजे 25 टक्के हवेत. पुढच्या एका पानावर 47 त नऊ, 19 टक्के. 35 टक्क्यांच्या भरवशावर आत शिरलात, पण दुसरं पान फुकट मिळणार नाही हे टर्नला कळलं. फ्लॉपला कॉल करतानाच "टर्नला मोठं आलं तर काय" हे ठरलेलं हवं. बदाम एक्का हातात असता तर गोष्ट वेगळी, मोठा फ्लश आपलाच. नव्वी-अठ्ठीवर मी तिथेच थांबले असते.

पेडण्याचा

एवढी आकडेमोड करून शेवटी जुगारच ना? जत्रेतला गडगडो आणि हे यात मला फरक दिसत नाही. 1976 चा जुगार प्रतिबंधक कायदा गोव्यात आहे, त्यात दुरुस्त्या करून कसिनो आणले. घरं बुडताना मी पाहिली आहेत.

म्हापशाचा मास्तर

घरं बुडतात हे मान्य, त्यावर तुमच्याशी वाद नाही. पण गडगड्यात पैसे लावले की तुमचं काम संपतं. इथे 4,000 देऊ नका असं हिशेब सांगतो, आणि न देण्याची मुभा तुम्हाला असते. ज्याला हा हिशेब येतो तो निदान त्या वेळी उठतो. मुलांना हे शिकवलं नाही तर ती 36 टक्के म्हणत आत जात राहतील.

कुडाळकर

माटोळीताई, फ्लॉपचं पटलं. कॉल केला तेव्हा मी पुढचा विचार केलाच नव्हता, नुसते दोन बदाम बघितले.

सांतइनेज, एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. अर्ध्या तासापूर्वी याच गृहस्थांनी दुसऱ्या एका डावात एक्क्यांची जोडी टाकली होती. रिव्हरला तिसरं इस्पिक पडलं, समोरून मोठी रक्कम आली, त्यांनी दोन्ही एक्के शेजाऱ्याला दाखवले आणि डीलरकडे सरकवले. टर्नला मिनिटभर मी तेच आठवत होतो. बदाम आला असता तर हा माणूस मला 6,444 देणार नव्हता.

सांतइनेज

मग कॉल नाही, मान्य. माझं सगळं गणित त्यांच्या कॉलवर उभं होतं. पण एक्के टाकणारा माणूस असेल तर बांद्याचीचं रेझ पुन्हा विचारात घ्यायला हवं. भिणाऱ्यावरच ते चालतं.

बांद्याची

हेच म्हणत होते. कुडाळकर, त्या एक्क्यांच्या डावात टर्नला काय झालं होतं?

कुडाळकर

टर्नला समोरच्याने रेझ केला होता. तेव्हा इस्पिकं दोनच होती. त्यांनी चिप्स मोजल्याही नाहीत, सरळ पुढे ढकलून कॉल दिला.