क्लबची सर्वकालीन क्रमवारी: स्टॉपवॉचच्या जुन्या वेळा आणि आजच्या वेळा एका यादीत कशा बसवाव्यात?

प्रश्न

आमच्या ॲथलेटिक्स क्लबची सर्वकालीन क्रमवारी आणि विक्रमांची यादी तयार करण्याचे काम मी वर्षभर करत आहे. जुन्या नोंदवह्या, छापील निकालपत्रके, वृत्तपत्रांतील कात्रणे आणि अलीकडचे संगणकीय निकाल असे बरेच साहित्य जमले आहे, परंतु ते एकमेकांशी जुळत नाही. पुरुषांच्या १०० मीटरमध्ये एका ज्येष्ठ सदस्यांची स्टॉपवॉचवरील वेळ १०.९ सेकंद आहे, तर अलीकडच्या एका धावपटूची इलेक्ट्रॉनिक वेळ ११.०५ आहे. केवळ आकडा पाहिला तर ज्येष्ठ सदस्य पुढे आहेत, पण तसे लिहिणे योग्य ठरेल का? लांब उडीच्या जुन्या नोंदींत वाऱ्याचा वेग कुठेच दिलेला नाही आणि महिलांच्या भालाफेकीत सर्वांत लांब फेक जुन्या भाल्याने झालेली आहे. हे ज्येष्ठ सदस्य आजही नियमाने मैदानावर येतात. त्यांचे नाव एक पायरी खाली न्यायचे असेल, तर त्यामागचे कारण मला त्यांच्यासमोर नीट मांडता आले पाहिजे.

उत्तर १

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, ११.०५ ही वेळ १०.९ पेक्षा सरस धरावी. स्टॉपवॉच लावणारा माणूस पिस्तुलाचा धूर दिसल्यावर बटण दाबतो, त्यामुळे त्याचे घड्याळ सुरू होण्यातच थोडा उशीर होतो. शेवटची रेषा मात्र त्याला समोर दिसत असते आणि तिथे तसा उशीर होत नाही. परिणामी हाताने घेतलेली वेळ प्रत्यक्षापेक्षा कमी येते. तुलनेसाठी २०० मीटरपर्यंतच्या शर्यतींत हातवेळेत ०.२४ आणि ४०० मीटरमध्ये ०.१४ सेकंद मिळवण्याची पद्धत रूढ आहे. त्या हिशेबाने १०.९ चे ११.१४ होतात. ४०० मीटरपेक्षा मोठ्या शर्यतींत सहसा काही मिळवत नाहीत.

ही दुरुस्ती किती जवळ जाते याचे आपल्या सर्वांना माहीत असलेले उदाहरण म्हणजे १९६० च्या रोम ऑलिंपिकमधील मिल्खा सिंग यांची ४०० मीटरची धाव. त्यांची अधिकृत हातवेळ ४५.६ होती आणि त्याच धावेची इलेक्ट्रॉनिक वेळ ४५.७३ होती. ४५.६ मध्ये ०.१४ मिळवले की ४५.७४ येतात. प्रत्येक वेळी असे जुळेलच असे नाही, कारण दुरुस्तीचा आकडा सरासरीचा आहे आणि घड्याळ कोणाच्या हातात होते यावर बरेच अवलंबून असते. म्हणून माझा आग्रह आहे की, यादीत ११.१४ हा आकडा कधीही छापू नये. १०.९ असेच छापावे, त्यापुढे हातवेळेची खूण करावी आणि दुरुस्तीचा उपयोग फक्त क्रम लावण्यापुरता करावा. त्या ज्येष्ठ सदस्यांनी धावून मिळवलेला आकडा १०.९ आहे आणि तो पुसण्याचा अधिकार संकलकाला नाही.

दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. डिजिटल स्टॉपवॉच शतांश सेकंद दाखवते, म्हणून जुन्या निकालांत ११.२३ अशी वेळ दिसली की ती इलेक्ट्रॉनिक असल्याचा समज होतो. हातवेळ नेहमी पुढच्या दशांशापर्यंत वाढवून धरायची असते, म्हणजे ११.२३ चे ११.३ होतात. याच्या उलटही घडते: टंकलेखकाने नीटनेटकेपणासाठी १०.९ चे १०.९० केलेले असते. एखाद्या स्पर्धेच्या निकालपत्रकातील सगळ्याच वेळांचा शेवटचा अंक शून्य असेल, तर त्या हातवेळा आहेत असे समजावे. माझ्या स्वतःच्या पहिल्या संकलनात अशा कितीतरी वेळा मी इलेक्ट्रॉनिक म्हणून घातल्या होत्या आणि पुढे संपूर्ण यादी पुन्हा तपासावी लागली.

वाऱ्याविषयी सांगायचे तर १०० व २०० मीटर, १०० व ११० मीटर अडथळे, लांब उडी आणि तिहेरी उडी यांत सेकंदाला २.० मीटरपर्यंतचा अनुकूल वारा विक्रमासाठी चालतो. बॉब बीमन यांची १९६८ ची ८.९० मीटरची उडी नेमक्या २.० वाऱ्यातली होती आणि ती ग्राह्य धरली गेली. मर्यादेपेक्षा जास्त वाऱ्यातील कामगिऱ्या मुख्य यादीखाली वेगळ्या द्याव्यात. जिथे वारा मोजलाच नाही, तिथे नोंद मुख्य यादीत ठेवावी, पण ‘वारा अज्ञात’ अशी खूण करावी. विक्रम आणि क्रमवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विक्रमासाठी सर्व अटी पूर्ण झालेल्या असाव्या लागतात. क्रमवारीत मात्र उपलब्ध पुराव्याइतकी खात्री पुरते, फक्त ती किती आहे हे वाचकाला दिसले पाहिजे.

उत्तर २

भालाफेकीबाबत दोन याद्या कराव्यात. १९८४ मध्ये उवे होन यांनी १०४.८० मीटर फेक केल्यानंतर फेकीचे अंतर कमी व्हावे म्हणून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य पुढे सरकवण्यात आला आणि १९८६ पासून नवा भाला लागू झाला. महिलांसाठी तो बदल १९९९ मध्ये आला. जुन्या भाल्याची यादी आता कायमची पूर्ण झालेली आहे, तिच्यात कोणाचे स्थान बदलणार नाही. म्हणून ती वगळू नये, नव्या यादीशेजारी मानाने छापावी. हाच विचार गोळ्याचे वजन आणि अडथळ्यांची उंची यांना लावावा, कारण कुमार गटातील ६ किलोचा गोळा आणि ७.२६ किलोचा गोळा एका यादीत येऊ शकत नाहीत.

तपासणीची एक युक्ती सुचवतो. पूर्वी थाळी, हातोडा आणि भाला यांची फेक सम सेंटिमीटरमध्ये नोंदवत असत. १९८६ मधील विश्वविक्रम पाहा: थाळीफेकीत युर्गेन शुल्ट यांची ७४.०८ आणि हातोडाफेकीत युरी सेदिख यांची ८६.७४ मीटर. जुन्या वहीत अशा प्रकारांत विषम आकडा दिसला, तर तो फूट-इंचांवरून काढलेला आहे किंवा लिहिण्यात चूक झाली आहे असा संशय घ्यावा. फूट-इंचांचे रूपांतर करताना उरलेला भाग सोडून द्यावा. २० फूट ६ इंच म्हणजे ६२४.८४ सेंटिमीटर, ते ६.२४ मीटर लिहावे, ६.२५ नव्हे.

डेकॅथलॉनमध्ये, म्हणजे दहा प्रकारांच्या एकत्रित स्पर्धेत, केवळ एकूण गुण पुरेसे नाहीत, कारण कामगिरीवरून गुण ठरवणारे कोष्टक बदललेले आहे. डेली थॉम्पसन यांचे १९८४ चे ८७९८ गुण नव्या कोष्टकाने ८८४७ होतात. दहाही प्रकारांच्या स्वतंत्र नोंदी मिळाल्या तरच जुने गुण नव्या कोष्टकात आणता येतील.

उत्तर ३

रस्त्यावरील शर्यतींचा उल्लेख प्रश्नात नाही, पण तो वाद आपल्याकडे येणारच. विक्रमासाठी सुरुवात आणि शेवट यांतील सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्याहून अधिक नसावे आणि उतार किलोमीटरमागे सरासरी एक मीटरपेक्षा जास्त नसावा. जेफ्री मुताई यांनी २०११ मध्ये बॉस्टन मॅरेथॉन २ तास ३ मिनिटे २ सेकंदांत पूर्ण केली, तरी या अटींमुळे तो विश्वविक्रम ठरला नाही. मनगटावरील घड्याळाने दाखवलेले अंतर आणि वेळ पुरावा म्हणून स्वीकारू नये.

याहून नाजूक प्रश्न सदस्यत्वाचा आहे. कामगिरीच्या दिवशी खेळाडू आपल्या क्लबचा सदस्य होता का, एवढेच पाहावे. नंतर तो कितीही मोठा झाला तरी ती कामगिरी त्याच्या नव्या क्लबची. लग्नानंतर नाव बदललेल्या महिला खेळाडू यादीत दोन व्यक्ती म्हणून येतात, त्यामुळे जन्मतारीख नोंदवणे आवश्यक आहे. वयोगटांसाठीही ती लागतेच: १८ आणि २० वर्षांखालील गटांत त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरचे वय धरतात, तर ३५ वर्षांपुढील गटांत स्पर्धेच्या दिवसाचे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. मूळ आकडा जसाच्या तसा ठेवून क्रम लावण्याची सूचना मला सर्वांत मोलाची वाटली आणि ती मी लगेच अमलात आणली. प्रत्येक नोंदीसमोर दिनांक, ठिकाण, वेळ घेण्याची पद्धत, वारा आणि ती नोंद कोणत्या साधनातून घेतली हे पाच रकाने वाढवले आहेत. काल त्या ज्येष्ठ सदस्यांना नवी यादी दाखवली. ते दुसऱ्या क्रमांकावर आहेत, परंतु क्लबचा हातवेळेतील विक्रम त्यांच्याच नावावर वेगळ्या ओळीत छापला आहे. त्यांनी यादी बराच वेळ वाचली आणि २०० मीटरच्या एका नोंदीचा दिनांक चुकल्याचे दाखवून दिले. घरच्या जुन्या प्रमाणपत्रावरून खरा दिनांक कळवतो असे ते म्हणाले.

एक शंका उरली आहे: दोघांची वेळ अगदी सारखी असेल तर क्रमांक कसा द्यावा?

उत्तर १

दोघांनाही समान क्रमांक द्यावा आणि पुढचा क्रमांक सोडावा, म्हणजे ३, ३ आणि नंतर ५. छापताना ज्याची कामगिरी आधीच्या दिनांकाची, त्याचे नाव वर ठेवावे. प्रमाणपत्रे मिळतील तेव्हा त्यांची छायाचित्रे अवश्य घेऊन ठेवा, कारण नोंदवहीपेक्षा त्यांवरचा मजकूर अनेकदा अधिक पूर्ण असतो.