ट्रूनॅट: 'इनव्हॅलिड' आणि 'एरर' आल्यावर चाचणी पुन्हा कुठून सुरू करायची?

तालुका_लॅब: ट्रूनॅट मशीनवर थुंकीच्या एमटीबी (टीबीचे जंतू) चाचणीत कधी 'इनव्हॅलिड' येतं, कधी 'एरर'. दोन्ही वेळा नवी चिप लावून तोच एल्यूट (नमुन्यातून काढलेल्या डीएनएचं द्रावण) परत चालवावा का? आणि एमटीबी सापडला पण रिफ (रिफॅम्पिसिन औषधाला जंतू दाद देतात का ते) 'इनडिटरमिनेट' आलं, तर पुढे काय?

पिपेटवाला: दोन्ही वेगळे. 'एरर'मध्ये रनच पूर्ण झालेला नसतो. उरलेला एल्यूट नव्या चिपवर चालतो. 'इनव्हॅलिड' म्हणजे अंतर्गत कंट्रोल (चाचणी नीट चालली का हे कळायला घातलेला डीएनए) वाढला नाही. हा कंट्रोल ट्रूप्रेप मशीनमध्ये डीएनए काढतानाच नमुन्यात मिसळतो, म्हणून घोळ बहुतेक तिथलाच, नाहीतर थुंकीत रक्तासारखं पीसीआर अडवणारं काहीतरी आहे. तोच एल्यूट घातलात तर तोच अडथळाही आत जाणार. ताजा नमुना घ्या आणि पहिल्यापासून करा.

घाई होते ती थुंकी पातळ करण्यात. डबीत लिक्विफॅक्शन (पातळ करणाऱ्या) बफरचे २ थेंब, हलकं फिरवून १० मिनिटं. पिपेटमधून तार न येता सुटलं पाहिजे. येत असेल तर अजून थांबा. मग त्यातलं ०.५ मिली लायसिस (पेशी फोडणाऱ्या) बफरच्या बाटलीत, त्यात पुन्हा २ थेंब, ३ मिनिटं, आणि सगळं ट्रूप्रेपच्या कार्ट्रिजमध्ये. गाठी राहिल्या की कार्ट्रिज तुंबते.

चिपवर ६ मायक्रोलिटर. त्याआधी मायक्रोट्यूबच्या तळाशी सुकवलेल्या रसायनांची पांढरी गोळी दिसते का पाहा, एल्यूट टाकून ३०-६० सेकंद तशीच ठेवा. टिचक्या मारू नका, बुडबुडे होतात, आणि चिपच्या खळग्यात बुडबुडा गेला की तो रन वाया. पाकिटातली डेसिकंटची (ओल शोषणारी) पुडी नारिंगीची पांढरी झाली असेल तर ती चिप वापरू नका.

बेडका_तपासा: वरचं बरोबर, पण 'इनव्हॅलिड' निदान ओरडून सांगतं. नुसती लाळ आली तर कंट्रोल व्यवस्थित वाढतो आणि स्वच्छ 'नॉट डिटेक्टेड' छापून येतं! कंट्रोल डीएनए नीट निघाला का ते सांगतो, डबीत बेडका होता का ते नाही. म्हणून डबी उजेडात धरा: घट्ट, पिवळसर, निदान २ मिली. पाण्यासारखा फेस असेल तर परत पाठवा. पेशंटला 'थुंका' म्हणू नका. चूळ भरायला लावा, दोनतीन खोल श्वास, मग छातीतून खोकून. उघड्यावर, संडासात नाही.

पिपेटवाला: रिफ 'इनडिटरमिनेट' बहुधा जंतू कमी असताना येतं. एमटीबीचा सीटी (डीएनए दिसेपर्यंत लागलेली पीसीआरची चक्रं; जंतू कमी तितका आकडा मोठा) ३० किंवा वर, म्हणजे 'व्हेरी लो' असेल, तर असं होऊ शकतं. त्याचा अर्थ 'रिफ सेन्सिटिव्ह' असा लावू नका. दुसऱ्या नमुन्यावर परत करा. तरीही तेच आलं तर कल्चरसाठी (जंतू वाढवून तपासायला) पाठवा.

तालुका_लॅब: उपकेंद्रावरून नमुना दुसऱ्या दिवशी येतो. चालेल?

बेडका_तपासा: लायसिस बफरमध्ये घातलेला नमुना ४० अंशांपर्यंत ३ दिवस, ३० अंशांपर्यंत आठवडाभर टिकतो. उन्हाळ्यात तिथेच बफरमध्ये घालून पाठवायला सांगा.

आणि उपचार चालू असलेल्याचा फॉलोअप ट्रूनॅटवर करू नका. मेलेल्या जंतूंचा डीएनएही 'डिटेक्टेड' देतो. तिथे स्मिअर (सूक्ष्मदर्शकाखाली थुंकी पाहणं) आणि कल्चर.