मदत हवी आहे : बेस गिटार थेट ॲम्पमध्ये, एकही पेडल नाही. घुमतो, भुणभुणतो आणि बँडमध्ये ऐकू येत नाही

चौथी_तार :

नमस्कार मंडळी. मल्टिइफेक्ट प्रोसेसर (पायाशी ठेवायचं, आवाजाला वेगवेगळे परिणाम देणारं यंत्र) बाजूला ठेवून बेस थेट ॲम्पला जोडायचा आहे. अमुक पेडल (तसाच एकेका परिणामाचा डबा) घ्या हा सल्ला कृपया नको, त्याशिवाय काय करता येईल ते सांगा.

सामान असं : चार तारांचा पॅसिव्ह (आत बॅटरी नसलेला) बेस, जॅझ बेसच्या धर्तीचा, म्हणजे दोन सिंगल कॉइल पिकअप (तारांची कंपनं पकडणारी, एकेका गुंडाळीची चुंबकं), दोन व्हॉल्यूम, एक टोन. राउंडवाउंड (गोल वेढ्यांच्या) तारा, जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत ४५ ते १०५. कॉम्बो ॲम्प ४० वॅटचा, स्पीकर १० इंची. केबल ६ मीटर. ॲम्प कोपऱ्यात, जमिनीवर.

नॉब (लो खालच्या सुरांचा, मिड मधल्या, हाय वरच्या) घड्याळाच्या हिशेबात : लो तीनवर, मिड दहावर, हाय एकवर. 'काँटूर' बटण दाबलेलं. जॅक 'ॲक्टिव्ह'मध्ये, कारण 'पॅसिव्ह'मध्ये आवाज लगेच फाटतो. ब्रिजकडच्या (तारा बांधलेल्या टोकाकडच्या) पिकअपचा व्हॉल्यूम निम्म्यावर, नेककडच्याचा (मानेकडच्याचा) पूर्ण.

अडचणी तीन. मोकळी 'ए' तार आणि तिच्यावरचा दुसऱ्या फ्रेटचा (मानेवरच्या धातूच्या पट्टीचा) 'बी' भयंकर घुमतात, बाकीचे सूर ठीक. दुसरी, सतत भुणभुण, तारांना हात लावला की कमी होते. तिसरी, घरी आवाज भरदार वाटतो, पण तालमीत कीबोर्ड, ढोलकी आणि ऑक्टापॅड सुरू झाले की बेस गायब. मराठी-हिंदी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा आहे.

खर्जातला :

तिसऱ्या अडचणीचं उत्तर तुमच्या सेटिंगमध्येच आहे. मिड खाली आणि वर काँटूर चालू. काँटूर बहुतेक ॲम्पवर मधल्या पट्टीलाच खड्डा पाडतो, तुम्ही त्याच खड्ड्यात अजून कुदळ मारली आहे. एकट्याने वाजवताना हा आवाज गोड लागतो, बँडमध्ये तो कोणालाच ऐकू येत नाही.

मोकळी 'ई' ४१.२ हर्ट्झवर असते, 'ए' ५५, 'डी' ७३.४ आणि 'जी' ९८. १० इंची स्पीकरचा छोटा कॉम्बो ४१ हर्ट्झ नीट देतच नाही. 'ई' वाजवल्यावर कान जे ओळखतो ते मुख्यतः ८२ आणि १२३ हर्ट्झचे वरचे अंश. लो तीनवर नेल्याने तो ४१ हर्ट्झ काही उगवत नाही, उलट कोन विनाकारण आत-बाहेर पळतो, ४० वॅट तिथेच संपतात आणि आवाज फाटतो.

आता क्रमाने करा. काँटूर बंद. तिन्ही नॉब बारावर. जॅक 'पॅसिव्ह'मध्ये. 'ॲक्टिव्ह'चं भोक सिग्नल साधारण १० ते १५ डेसिबलनी दाबतं. ते बॅटरीवरच्या बेससाठी असतं. तुम्ही आधी सिग्नल दाबता आणि मग गेन (ॲम्पमध्ये शिरणारा सिग्नल वाढवणारा नॉब) चढवून तो परत मिळवता, म्हणजे सोबत सळसळही वाढवता. 'पॅसिव्ह'मध्ये फाटत होतं ते गेन जास्त होता म्हणून.

गेन लावायची रीत : मास्टर (बाहेर पडणारा आवाज ठरवणारा नॉब) शून्यावर, बेसचे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण. कार्यक्रमात जितक्या जोरात वाजवाल तितक्या जोरात 'ई' छेडा आणि क्लिपचा (सिग्नल फाटल्याचा) लाल दिवा लुकलुकेपर्यंत गेन वाढवा. मग इतकाच मागे घ्या की दिवा फक्त सगळ्यात जोरकस फटक्याला चमकेल. दिवा नसेल तर मास्टर थोडा उघडून कानाने, कड खरखरीत झाली की थांबा. त्यानंतर मास्टर. यापुढे आवाज कमी-जास्त मास्टरनेच करायचा, गेनला हात नाही.

कथिलवाला :

भुणभुणीबद्दल. तारांना हात लावल्यावर कमी होते म्हणजे ब्रिजखालची अर्थ वायर शाबूत आहे. हात लावल्यावर वाढली असती तर जॅकच्या दोन वायरी उलट जोडल्यात का ते आधी बघायला सांगितलं असतं.

मुख्य कारण तुम्हीच लिहिलं आहे. या जातीच्या बेसमध्ये दोन पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात. दोन्ही व्हॉल्यूम अगदी पूर्ण असले की ५० हर्ट्झची भुणभुण एकमेकांना खोडते. एक निम्म्यावर आणला की खोडणं बिघडलं. दोन्ही पूर्ण करून बघा. तरीही काहीच फरक नाही पडला तर पिकअप उलट गुंडाळलेले नसावेत, स्वस्त बेसमध्ये असं असतं.

उरलेली जर 'भ्र्र्र' अशी कर्कश असेल तर पंख्याचा रेग्युलेटर. गोल फिरणारा, पायऱ्या नसलेला इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि मंद करता येणारे दिवे हे दोन मुख्य गुन्हेगार. पंखा बटणाने बंद करा, फरक लगेच कळेल. लॅपटॉपचा चार्जरही काढून बघा.

आता महत्त्वाचं. ॲम्प कुठल्या सॉकेटला आहे? थ्री-पिन प्लगला टू-पिनचं अडॅप्टर लावलंय का? एक्स्टेंशन बोर्डला अर्थ आहे का? मल्टिमीटर एसीवर ठेवून तपासा : फेज-न्यूट्रल साधारण २३०, फेज-अर्थही जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ शून्य किंवा ८०-१०० असं तरंगतं दिसलं तर अर्थ लागलेलीच नाही. स्वतः सॉकेट उघडू नका, वायरमन बोलवा. भुणभुण जाते म्हणून अर्थची पिन कापणारे महाभाग आहेत. बेसच्या तारा ॲम्पच्या बॉडीला जोडलेल्या असतात आणि पुढ्यात धातूच्या जाळीचा माईक असतो, ओठ लावल्यावर काय होईल ते समजून घ्या.

चौथी_तार :

बोर्ड थ्री-पिनचा आहे, पण भिंतीतल्या सॉकेटला टू-पिन अडॅप्टर होतं. काढलं. स्वयंपाकघरातल्या सॉकेटवर फेज-अर्थ २२८ दाखवतंय, बोर्ड आता तिथून आणलाय. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण केल्यावर भुणभुण जवळजवळ गेली. 'ए' आणि 'बी'चं घुमणं मात्र तसंच. तारा बदलू का?

मोजपट्टी :

तारा बदलू नका, आधी खोलीची मापं द्या. लांबी, रुंदी, उंची. आणि कुठे बसून वाजवता?

चौथी_तार :

१२ × १० फूट, उंची ९. पलंगावर, भिंतीला टेकून.

मोजपट्टी :

मग घुमते ती खोली, ॲम्पचा दोष नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाजाची अर्धी लहर बरोबर मावली की ती वारंवारता फुगते. हिशेब सोपा : ३४३ भागिले अंतराच्या दुप्पट, अंतर मीटरमध्ये.

१० फूट म्हणजे ३.०५ मीटर, येतात ५६ हर्ट्झ. तुमची 'ए' ५५. ९ फुटांची उंची २.७४ मीटर, येतात साडेबासष्ट. तुमचा 'बी' ६१.७. बारा फुटांचे ४७ येतात, तो 'ई' तारेवरचा दुसरा फ्रेट, एफ शार्प. पण तितक्या खाली तुमचा स्पीकर फारसं देत नाही म्हणून तो जाणवला नसेल.

खात्री करायची तर दोन चाचण्या. 'ई' तारेच्या पाचव्या फ्रेटवरही तोच ५५ हर्ट्झचा 'ए' आहे. तोही तितकाच घुमला तर खोली. फक्त मोकळी तार घुमली तर बेस किंवा नट (मानेच्या टोकाशी तारा टेकतात ती खाचांची पट्टी) तपासा. दुसरी चाचणी, हेडफोन लावा. हेडफोनमध्ये घुमणं गेलं तर प्रश्न मिटला. (उलट प्रकारही लक्षात ठेवा : 'जी' तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर हेडफोनमध्येही लवकर मरत असेल तर तो नेकमधला डेड स्पॉट. ते लाकडाचं काम, ईक्यूने (लो-मिड-हायच्या नॉबांनी) जात नाही.)

उपाय : ॲम्प कोपऱ्यातून काढा. कोपऱ्यात तिन्ही दिशांच्या लहरी एकदम जाग्या होतात. भिंतींपासून दीड-दोन फूट पुढे, आणि दोन्ही भिंतींपासूनची अंतरं वेगवेगळी ठेवा. लाकडी खुर्चीवर किंवा स्टुलावर चढवा म्हणजे स्पीकर कानाच्या जवळ येईल, आता तो तुमच्या पोटऱ्यांना ऐकवतोय. तुम्हीही भिंतीपासून सुटून बसा, या लहरींचा दाब भिंतीपाशी सगळ्यात जास्त असतो. पण खोलीच्या अगदी मधोमधही नको, तिथे हेच सूर नाहीसे होतील. खोलीच्या साधारण एक तृतीयांशावर बसा. अंड्यांचे ट्रे आणि पातळ फोम भिंतीला लावायच्या भानगडीत पडू नका, ५५ हर्ट्झची लहर सव्वासहा मीटर लांब असते, फोम तिला दिसतही नाही.

मागच्या_रांगेत :

सगळं बरोबर, पण कंप्रेसरशिवाय (मोठे-लहान सूर एका पातळीवर आणणाऱ्या पेडलशिवाय) बँडमध्ये तारा एकसारख्या कशा ऐकू येणार? निदान तेवढा एक तरी हवाच. स्लॅप (अंगठ्याने तार आपटून वाजवणं) करत असतील तर विचारूच नका.

खर्जातला :

हवाच असं नाही. डेट्रॉइटला मोटाउन या रेकॉर्ड कंपनीसाठी बेसवादक जेम्स जेमर्सनचा बेस बहुतांशी थेट कन्सोलला (स्टुडिओच्या मिक्सरला) जोडून रेकॉर्ड झाला. १९६२चा प्रिसिजन बेस, फ्लॅटवाउंड (चपट्या वेढ्यांच्या, गुळगुळीत) तारा, ब्रिजच्या झाकणाखाली फोम आणि उजव्या हाताची एकच तर्जनी. पायाशी काही नव्हतं.

तारा असमान वाटतात त्याचं कारण आधी पिकअपच्या उंचीत शोधा. तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि तारेच्या खालच्या कडेपासून पिकअपच्या चुंबकापर्यंत मोजा. 'ई' खाली सुमारे २.८ मिमी, 'जी' खाली २ मिमी. इथून सुरुवात, मग कानाने पाव-पाव फेरा. 'ई'चं टोक फार वर आलं तर चुंबक तारेला ओढतो, वरच्या फ्रेटवर सूर डळमळल्यासारखा ऐकू येतो आणि 'ई' बाकीच्यांना दाबून टाकते. बेसमध्ये स्क्रू फिरवण्यापलीकडे काही लागत नाही. स्लॅपसाठी मात्र तुमचं म्हणणं निम्मं मान्य, अंगठा आणि पॉप (बोटाने तार ओढून सोडणं) यांतला फरक हाताने आवरायला वेळ लागतो.

दुसरं, उजवा हात. पेडल नसेल तर बोट कुठे पडतं हाच तुमचा ईक्यू. नेकच्या टोकाशी छेडलं तर गोल आणि जाड, ब्रिजच्या पिकअपवर छेडलं तर घट्ट आणि नाकातला. दोन-तीन इंच सरकल्याने जो फरक पडतो तो हायचा नॉब अर्धा फिरवूनही पडत नाही. आणि हळू वाजवा. मास्टर वाढवा, बोट हलकं ठेवा. जोरात ओढलेली तार फ्रेटवर आपटते, 'टक' मोठा होतो आणि मागचा सूर लहान.

तिसरं, न वाजणाऱ्या तारा. 'जी' वाजवताना खाली 'ई' आपोआप गुणगुणत राहते, थेट ॲम्पमध्ये ते स्वच्छ ऐकू येतं. 'डी'-'जी'वर गेलात की अंगठा पिकअपवरून उचलून 'ई'-'ए'वर आडवा टेकवा. उरलेलं डाव्या हाताची मोकळी बोटं तारांवर नुसती पडू देऊन. जुन्या गाण्यांना ब्रिजपाशी तारांखाली भांडी घासायच्या स्पंजची एक इंच रुंद पट्टी सरकवा. तार फक्त टेकली पाहिजे, दबली नाही पाहिजे, नाहीतर सूर चढतो. बाराव्या फ्रेटवर परत तपासा.

डावी_बाजू :

मी ढोलकीवाल्यांच्या बाजूने. ढोलकीची डावी बाजू, ऑक्टापॅडचा किक आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात, तिघंही साधारण ८० ते २५० हर्ट्झच्या त्याच पट्ट्यात असतात जिथे तुम्ही लो वाढवून बसलाय. त्यात सगळ्यात घुसखोर कीबोर्ड. त्याला विनंती करा की बेस असताना डावा हात दोन सप्तकं खाली नेऊ नको. ऐकत नसेल तर मिक्सरवर त्याच्या चॅनलचा लो-कट (खालचे सूर कापणारं बटण) दाबा, तो बऱ्याच मिक्सरवर ७५ ते १०० हर्ट्झच्या आसपास असतो.

तुम्ही लो अकरावर, मिड एक-दीडवर, हाय अकरावर आणा. मिडची वारंवारता निवडता येत असेल तर ४०० ते ८०० हर्ट्झ. एकट्याने ऐकाल तेव्हा हा आवाज कोरडा, जरा कुरूप वाटेल. वाटू द्या. ढोलकी सुरू असताना, स्वतः दहा फूट लांब उभं राहून दुसऱ्याला वाजवायला लावा आणि मग ठरवा.

आणि ४० वॅटवर सभागृह भरायचा प्रयत्न करू नका. वॅट दुप्पट केले तरी वाढतात फक्त ३ डेसिबल.

चौथी_तार :

खूप आभार. ॲम्प स्टुलावर, भिंतीपासून दोन फूट. 'ए' बराच शांत झाला, 'बी' अजून किंचित. पाचव्या फ्रेटची चाचणीही जुळली. काल तालमीत मिड दीडवर ठेवला, कीबोर्डवाल्याने न विचारता 'आज बेस कसा काय ऐकू येतोय' म्हटलं. एक त्रास : दोन्ही पिकअप पूर्ण ठेवले की भुणभुण नाही, पण आवाज पोकळ वाटतो. आणि कार्यक्रमाला ॲम्पवर डीआय आउट (मिक्सरला थेट जोडायचं भोक) नाही, फक्त हेडफोन. मिक्सरला बेस थेट जोडू का?

कथिलवाला :

पोकळ वाटणं खरं आहे, दोन्ही पिकअप एकत्र आले की मधला काही भाग खोडला जातो. ब्रिजचा व्हॉल्यूम केसभर मागे घ्या, दहातून नऊवर. मिड परत येतो आणि भुणभुण बँडमध्ये कळणार नाही इतकीच.

मिक्सरच्या लाइन इनपुटला थेट नको. पॅसिव्ह पिकअपला समोर साधारण १ मेगओहमचा रोध लागतो, लाइन इनपुट १० किलोओहमच्या घरात असतं. वरचा सगळा आवाज खाल्ला जातो, घोंगडीखालून वाजवल्यासारखं. चॅनलवर 'हाय-झेड' (जास्त रोधाचं) बटण असेल तर चालेल. नसेल तर डीआय बॉक्स (बेसचा सिग्नल मिक्सरजोगा करणारी डबी) लागेल. ते इफेक्ट नाही, तेव्हा तुमचा नियम मोडत नाही. बेसमधून बॉक्समध्ये, बॉक्सच्या 'थ्रू'मधून ॲम्पमध्ये, तीन पिनांच्या एक्सएलआरमधून मिक्सरला. ॲक्टिव्ह बॉक्स असेल तर मिक्सरवर ४८ व्होल्ट फँटम (मिक्सरने केबलमधून पुरवलेली वीज) चालू, पण त्या वेळी त्या चॅनलचा फेडर खाली. जोडल्यावर भुणभुण आली तर बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्ट दाबा, प्लगच्या पिनला हात लावू नका. हेडफोनचं भोक वापरू नका, त्यात जॅक गेला की बहुतेक कॉम्बोचा स्पीकर बंद होतो आणि स्टेजवर तुम्हालाच काही ऐकू येणार नाही.

आणि ती ६ मीटरची केबल घरी ३ मीटरची करा. दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरले तरी टोनमध्ये फरक कळतो.

मागच्या_रांगेत :

ट्यूनर पेडल चालेल का, की तोही निषिद्ध? 😀

खर्जातला :

क्लिपवाला ट्यूनर हेडस्टॉकला (मानेच्या टोकाला) लावा. मोकळ्या 'ई'वर तो भरकटतो, बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने निघणारा सूर) छेडा, ८२.४ हर्ट्झ लगेच पकडतो.