युनियनला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

नवख्यांसाठी एसक्यूएलची, म्हणजे डेटाबेसशी बोलायच्या भाषेची, टिपणं मराठीत लिहितोय. दोन क्वेरींचे (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांचे) निकाल एकाखाली एक आणून एकच निकाल करणाऱ्या 'युनियन'ला शब्द हवाय. एका भाषांतर-यंत्राने 'संघ' दिला, आणि दुबार ओळीही ठेवणाऱ्या 'युनियन ऑल'ला चक्क 'संघ सर्व'. मी तूर्त 'निकाल जोडणे' लिहिलंय. पण पुढच्याच पानावर दोन तक्त्यांच्या ओळी शेजारी-शेजारी आणणारा 'जॉइन' येतो, त्यालाही 'जोडणे'च लिहावं लागतं. काय करावं?

प्रतिसाद

शाळेतल्या संचांच्या धड्यात युनियनला 'संयोग' म्हणतात. तोच घ्या.

प्रतिसाद

'संयोग'ला माझंही मत, आणि ते फक्त पाठ्यपुस्तकात आहे म्हणून नाही. संचात एक घटक दोनदा लिहीत नाहीत, हे त्या धड्यात पहिल्यांदा शिकवतात. युनियनचा स्वभाव नेमका तोच. 'जोडणे' किंवा 'एकत्र करणे' म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, चार ओळी अधिक तीन ओळी म्हणजे सात. युनियन तसं वचन देत नाही.

मी स्वतः यात आपटलोय. आकडे बदलून सांगतो. दोन तक्ते होते, ऑनलाइन भरणा आणि रोख भरणा. दोन्हींतून ग्राहक क्रमांक, तारीख आणि रक्कम एवढंच उचललं. एकाच दिवसाच्या नोंदी अशा:

ऑनलाइन : १७ – ५००, २३ – २५०, २३ – २५०, ३१ – ८००
रोख : १७ – ५००, ४० – ३००, ३१ – २००

खरी बेरीज २८००. युनियन करून बेरीज घेतली तर २०५० आली. सातापैकी पाचच ओळी उरल्या होत्या. १७ क्रमांकाने ऑनलाइन ५०० भरले आणि रोखही ५००, त्यातली एक ओळ गेली, हे लगेच लक्षात आलं. पण २३ क्रमांकाच्या दोन्ही ओळी एकाच तक्त्यातल्या! मला वाटायचं, युनियन फक्त 'या तक्त्यातली त्या तक्त्यात आहे का' एवढंच बघतं. तसं नाही. ते शेवटी जमलेल्या सगळ्या ओळींतून दुबार काढतं, मग त्या कुठून का आलेल्या असेनात. युनियन ऑल लिहिल्यावर २८०० जुळले.

प्रतिसाद

पावती क्रमांकही उचलला असता तर एकही ओळ गेली नसती. दोष युनियनचा नाही.

प्रतिसाद (वरच्याच लेखकाचा)

कबूल. पण 'संयोग' हा शब्द डोक्यात असता तर मी लिहितानाच थबकलो असतो, एवढंच म्हणणं. तसाही घोळ मुळातच आहे. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या, एसक्यूएलच्या मुळाशी असलेल्या रिलेशनल मॉडेलमध्ये तक्ता म्हणजे ओळींचा संच, दुबार ओळीला तिथे जागाच नाही. एसक्यूएल मात्र दुबार ओळी चालवून घेतं आणि युनियन म्हटलं की अचानक सोवळं होतं.

प्रतिसाद

मग जॉइनला 'जोड' ठेवा, 'जुळणी' तर त्याहून चांगला. जॉइनमध्ये अटीवर ओळी जुळवतात आणि एका ओळीचे रकाने दुसरीच्या शेजारी येऊन बसतात. संयोगात जुळवणं काहीच नसतं. रकान्यांची संख्या सारखी हवी आणि प्रकार एकमेकांत बसणारे हवेत, झालं. नावंसुद्धा बघत नाही, फक्त जागा बघतं. पहिल्या क्वेरीत 'नाव, गाव' आणि दुसरीत 'गाव, नाव' लिहिलंत तर निम्मी गावं नावाच्या रकान्यात जाऊन बसतात, आणि दोन्ही मजकूरच असल्यामुळे एरर येत नाही. निकालाला मथळे पहिल्या क्वेरीचे मिळतात, त्यामुळे वरच्या चार ओळी बघून सगळं ठीकच वाटतं. 'जुळणी' हा शब्द फक्त जॉइनला राखून ठेवलात तर हा फरक वेगळा समजवावा लागणार नाही.

प्रश्नकर्ता

जुळणी पटली. इंटरसेक्ट (दोन्ही निकालांत असलेल्या ओळी) आणि एक्सेप्ट (पहिल्यात असून दुसऱ्यात नसलेल्या ओळी) यांचं काय? इंटरसेक्टला 'छेद' लिहू?

प्रतिसाद

छेद म्हटलं की मला अपूर्णांकाची खालची बाजू दिसते. 'सामाईक' लिहा, कुणाला समजावून सांगावं लागत नाही. एक्सेप्टला 'वगळून'. ऑरॅकल डेटाबेसवाले त्यालाच मायनस म्हणतात, तिथे 'वजा' आपसूक येतो, आणि वजाबाकीत क्रम उलटला की उत्तर बदलतं हेही शब्दातच आलं. मायएसक्यूएल या डेटाबेसवर शिकवत असाल तर आवृत्ती बघून घ्या, इंटरसेक्ट आणि एक्सेप्ट तिथे २०२२ साली ८.०.३१ मध्ये आले.

प्रतिसाद

जाता जाता, रकान्यातल्या रिकाम्या जागेला एसक्यूएल नल म्हणतं, त्या नलला 'शून्य' लिहू नका. 'निरंक'ही नको, निरंक म्हणजे बघितलं आणि काही नव्हतं. नल म्हणजे माहीतच नाही. आणि गंमत अशी की संयोग दोन नल सारखे धरून एक काढून टाकतो, पण जुळणीच्या 'बरोबर'च्या अटीत नल नलशी जुळत नाही. याला मराठी शब्द पुरा पडणार नाही, एक उदाहरणच द्या.

प्रश्नकर्ता

आभार. युनियन ऑलला मी 'थप्पी' लिहिलंय. ओळींवर ओळी रचल्या, दुबार असल्या तरी असू दिल्या.

प्रतिसाद

थप्पी छानच वाटते, पण थप्पीला वर-खाली असतं. वाचणारा धरून चालेल की पहिल्या क्वेरीच्या ओळी वर आणि दुसरीच्या खाली येणार. बऱ्याचदा येतातही, म्हणून तर फसगत होते. शेवटी एकदा ऑर्डर बाय (क्रम लावायची सूचना) लिहिल्याशिवाय क्रमाची हमी कुणी देत नाही. 'रास' कसा वाटतो? राशीत दाणे मोजून सगळे सापडतात, पण पहिला कोणता ते कुणी विचारत नाही.

प्रश्नकर्ता

'रास' केलं. थप्पी सात ठिकाणी होती, शोधून बदलतोय.