मदत हवी आहे: 'द सुप्रीम्स'चा बॉक्स सेट, मोनो की स्टिरिओ?

मंडळी, मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा २००० सालचा 'द सुप्रीम्स' हा, त्याच नावाच्या गायिकांच्या गटाच्या गाण्यांचा, चार सीडींचा बॉक्स सेट सेकंडहँड मिळतोय. सुरुवातीच्या मर्यादित प्रतींतली पाचवी, लाइव्ह सीडी त्यात नाही, पण तिच्यावाचून माझं अडत नाही.

अडतंय ते मिक्सवर, म्हणजे आवाज आणि वाद्यं कशी एकत्र केली आहेत त्यावर. १९६४-६७ची गाणी मला मूळ सिंगल रेकॉर्डसाठी केलेल्या मोनो मिक्समध्येच (सगळा आवाज एकाच चॅनेलमध्ये) हवी आहेत. स्टिरिओत आवाज एका बाजूला आणि ड्रम्स दुसऱ्या बाजूला गेले की मोटाउनचा तो ठोका पांगतो, निदान माझ्या कानाला तरी. ऑनलाइन गाण्यांच्या याद्या पाहिल्या, त्यात मोनो-स्टिरिओचा उल्लेख नाही. विक्रेत्याला विचारलं, तर 'सगळं ओरिजिनल आहे' एवढंच उत्तर! पुस्तिकेचे फोटो मागितले, ते इतके धूसर की काही वाचता येत नाही.

मुख्य गायिका डायना रॉस गटात असतानाची हिट गाणी एका संकलनात आहेत, पण स्टिरिओत. १९७० पासूनची, तिच्या जागी आलेल्या जीन टेरेलच्या काळातली गाणी मात्र माझ्याकडे अजिबात नाहीत, आणि 'स्टोन्ड लव्ह'साठी तरी हा सेट घ्यावासा वाटतो. एलपी सुचवू नका, टर्नटेबल नाही.

कुणाकडे हा सेट असेल तर पुस्तिकेत बघून सांगाल का, पहिल्या दोन सीडींवरची कोणती गाणी मोनोत आहेत?