मदत हवी आहे: छोट्या संस्थेच्या वेबसाईटसाठी वर्डप्रेस घ्यावं का?
नमस्कार मंडळी, आमची छोटी संस्था आहे, सगळे स्वयंसेवकच, आणि वेबसाईटचं काम आता माझ्याकडे आलंय. जुनी साईट कोणीतरी हाताने एचटीएमएलमध्ये (वेबपानाच्या कोडमध्ये) लिहिलेली, त्यामुळे कार्यक्रमाची नुसती तारीख बदलायची तरी फाईल उघडा, टॅग (कोडमधल्या खुणा) सांभाळा आणि मग एफटीपीने सर्व्हरवर चढवा, मागे एक बोल्डचा टॅग बंद करायचा राहिला तर खालचं अख्खं पान ठळक दिसायला लागलं.

कोड न लिहिता साईट सांभाळायची वर्डप्रेस, जूमला, ड्रुपल ही तिन्ही सॉफ्टवेअर बघितली, तिन्ही फुकट आणि ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला), पीएचपी (ती ज्या भाषेत लिहिलीत ती) आणि डेटाबेस चालणारं होस्टिंग, म्हणजे सर्व्हरवरची जागा, मात्र लागतं. ड्रुपल दमदार आहे पण आमच्या दहा पानांना फारच जड. वर्डप्रेस सोपं वाटलं, पण प्लगिन (जादा सोयींसाठी जोडायचे छोटे प्रोग्रॅम) वेळेवर अपडेट केले नाहीत तर साईट हॅक होऊ शकते आणि आमच्याकडे सतत लक्ष ठेवणारं कोणी नाही. विक्स (साईट त्यांच्याच सर्व्हरवर बनवून देणारी ऑनलाईन सेवा) घेतलं तर अपडेटची कटकट नाही, पण उद्या साईट जशीच्या तशी उचलून दुसरीकडे नेता येत नाही, आणि हेच मला खटकतंय कारण माझ्यानंतर येणाऱ्याला अडकवून ठेवायचं नाहीये.

कोणी दोन-तीनच प्लगिनवर वर्डप्रेस चालवतंय का? ऑटो अपडेट चालू ठेवता का, आणि बॅकअप कुठे घेता? प्लीज सविस्तर सांगा.